वाटूरची पंगत

गफूरभाईंनी तिसऱ्यांदा हॉर्न दाबला. पंगतीतलं कुणी हललं नाही.

मी रस्त्याच्या कडेला स्टॉपवॉच धरून उभा होतो. गाडी जालना–नांदेड, जागा वाटूर फाटा, वेळ भर दुपारची. बन्सीमामांच्या खानावळीत पत्र्याच्या शेडखाली तरटाची एक लांबलचक पट्टी अंथरलेली असे. तिच्यावर प्रवासी मांडी घालून बसले होते. बहुतेकांची ताटं पुसून स्वच्छ झालेली. बोटांना लागलेलं वरण वाळून गेलेलं. आणि सगळे नुसते बसलेले. कारण पंगतीच्या टोकाला फेटा बांधलेला एक म्हातारा डाळीत भाकरी कुस्करून एकेक घास हिरड्यांनी चावत होता.

"अरे चलो भाई, जल्दी करो! मंठ्याला टाइमाची नोंद होते माझी," गफूरभाई ओरडले. ते या गाडीचे ड्रायव्हर.

"उठतो की," पंगतीतून एक जण म्हणाला. उठला मात्र नाही.

गंमत अशी की त्या म्हाताऱ्याला या गाडीनं जायचंच नव्हतं. तो परतूरच्या गाडीची वाट बघत होता आणि ती यायला अजून भरपूर अवकाश होता. त्यामुळं तो सावकाश जेवत होता. आणि नांदेडला जाणारी माणसं परतूरच्या माणसाचं जेवण होईपर्यंत वाळलेले हात घेऊन बसून होती.

मी स्टॉपवॉच थांबवलं. गाडी आजही उशिरा सुटणार होती.

हा माझा अभ्यास होता. हसू नका. मी तेव्हा मॅनेजमेंटच्या मास्टर्स पदवीला नुकताच प्रवेश घेतला होता. विशेष विषय, हॉटेल आणि पर्यटन. पुण्यातल्या त्या संस्थेची ही पहिलीच बॅच होती. असली पदवी असते हे मला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कळलं. माझे वडील केदारखेड्याच्या शाळेत मास्तर. सगळे त्यांना साळवे गुरुजी म्हणत, आणि घरात आम्हीही गुरुजीच म्हणायचो. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"यात शिकवतात काय?"

"पाहुण्यांची व्यवस्था."

"त्याला पदवी लागते?"

"बघतो जाऊन," मी म्हणालो. मला खरोखरच बघायचं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी वर्गात प्रत्येकाला विचारलं, तुम्ही आजवर कोणकोणत्या हॉटेलांत उतरला आहात? मुलं महाबळेश्वर, मसुरी, उटी सांगत होती. माझी पाळी आली. मी कुठल्याच हॉटेलात उतरलो नव्हतो. तालुक्याच्या गावी एका चहाच्या हॉटेलात मात्र लहानपणी गेलो होतो. तिथं आमच्यासाठी कप वेगळा ठेवलेला असे आणि तो आमचा आम्ही विसळून परत ठेवायचा. हे मी वर्गात सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "सर, मी अजून पाहुणा झालेलो नाही." वर्ग हसला. सरही हसले. पण नंतर कपबश्यांचा हिशेब कसा ठेवतात यावर तास झाला, तेव्हा माझ्याइतक्या उत्सुकतेनं तो कुणी ऐकला नसेल.

पहिल्या सत्रातच एक प्रोजेक्ट होतं. खऱ्या चालत्या धंद्यात जायचं, तिथली एक अडचण शोधायची आणि महिनाभरात ती सोडवून दाखवायची. ज्यांना धंद्याचा काहीच अनुभव नव्हता, त्यांचा प्रवेश या प्रोजेक्टवर पक्का होणार होता. म्हणजे माझा. बाकीच्यांनी मोठमोठी हॉटेलं धरली. मला कोण उभं करणार? मी आपल्या मुलखात आलो. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, पण मुलूख हाच. वाटूर फाट्यावर नांदेडचा आणि परतूरचा रस्ता फुटतो. तिथं उतरलो, जेवायची चौकशी केली आणि मालकाला कामाचं सांगितलं.

बन्सीमामा म्हणजे चौकोनी बांध्याचा, कायम कपाळावर घाम असलेला माणूस. घरची शेती भाऊ बघायचे, हे खानावळ. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मी पाणी पिऊन झाल्यावर नाव विचारलं.

"साळवे. केदारखेडा," मी सांगितलं. आमच्या भागात एवढ्यात सगळं सांगून होतं.

"बरं," मामा म्हणाले. "शिकून राह्यले ना? मंग आमची एक अडचण हाय. सोडवा."

अडचण अशी. एसटीच्या लांबच्या गाड्यांना वाटेत जेवणाचा थांबा असतो. गाडी तिथं वीस मिनिटं उभी राहते. खानावळवाल्याचं पोट त्या थांब्यावर. थांबा गेला की शेडखाली बैल बांधायचे. दिवस आणीबाणीचे. वरपासून खालपर्यंत सगळे वेळेच्या मागं लागले होते. एसटीचे ट्रॅफिक इन्स्पेक्टर निकम साहेब येऊन मामांना सांगून गेले होते, "तुमच्याकडून गाडी रोज उशिरा सुटते. महिनाअखेर मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहणार. वेळेत सुटली तर थांबा इथं. नाही सुटली तर मंठ्याला."

"आन् सैपाकात खोट न्हाई," मामांची बायको गयामामी चुलीमागून म्हणाल्या. "माणसं बसल्या बसल्या ताट वाढते मी. उठतच न्हाईत त्याला मी काय करू?"

मामींचं बरोबर होतं. मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं. याला टाइम स्टडी म्हणतात. काम कुठं अडतं ते शोधायचं. बसायला वेळ लागत नव्हता. वाढायला लागत नव्हता. खायला तर मुळीच नाही, आपली माणसं प्रवासात भराभर जेवतात. वेळ जात होता तो जेवून झाल्यावर, नुसतं बसण्यात. पुस्तकात टेबल टर्नओव्हर असा शब्द होता. एका जागेवर दिवसभरात किती माणसं जेवून उठतात ते मोजायचं. पण माणूस जेवला आणि उठलाच नाही तर काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. पहिले दोन दिवस माझा अभ्यास धड झालाच नाही. शर्टपॅन्ट घातलेला, हातात घड्याळ आणि कागद, माणसांकडं टक लावून बघणारा अनोळखी इसम म्हणजे त्या काळात एकच, नसबंदीचा. मी जवळ गेलो तसे दोन तगडे गडी ताट तसंच टाकून मागच्या ज्वारीत पसार झाले. मामांना घसा फोडून सांगावं लागलं, "अरे, त्यो आपला हाय! खानावळीचं शिकून राह्यला!" खानावळीचं शिकतात यावर लोकांचा विश्वास बसेना. पण निदान पळायचे थांबले.

मी आधी टेबल आणि बाकं सुचवली. मामांनी चहासाठी दोन बाकं ठेवलेली होती. एक दिवस तिथं ताटं मांडून बघितली. बाकावर बसलेला प्रवासी ताटाकडं बघायचा आणि चहा मागायचा. जेवण म्हणजे मांडी. मामा म्हणाले, "बाकावर बसून पोट भरल्यासारखं वाटत न्हाई माणसाला." तो विषय संपला.

मग मी पुस्तकातला खात्रीचा उपाय काढला. घाईचं गिऱ्हाईक आणि सवडीचं गिऱ्हाईक वेगळं करा. याला सेगमेंटेशन म्हणतात. सरांचा लाडका शब्द. जंक्शनवर तर हा उपाय सरळच दिसत होता. नांदेडवाल्यांची एक पंगत, परतूरवाल्यांची दुसरी. परतूरवाले खुशाल तासभर जेवोत. पुण्याच्या वर्गात फळ्यावर काढलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

मामा तयार नव्हते. तरी "चार दिवस बघू" म्हणून त्यांनी दुसरं तरट आणलं. पहिल्या तरटासमोर, हातभर अंतर सोडून अंथरलं.

गाडी आली. माणसं उतरली, हातपाय धुतले आणि दोन तरटं बघून उभीच राहिली. एक जण मामांच्या जवळ आला. हळूच विचारलं, "ही दुसरी पंगत कोणासाठी?"

"परतूरवाल्यासाठी."

"ते कळलं. पर कोणासाठी?"

"अहो, परतूरला जायचंय त्यायच्यासाठी."

त्यानं मान डोलावली आणि पहिल्या पंगतीत जाऊन बसला. तो परतूरचाच होता. त्याच्यामागं सगळे तिकडंच दाटीवाटीनं बसले. दुसऱ्या तरटावर कुणी पाय ठेवला नाही. एक बाई लेकराला घेऊन उभी राहिली, पण तिथं बसेना. शेवटी न जेवताच गाडीत जाऊन बसली.

गाडी गेल्यावर मामांनी स्वतःच्या हातानं ते तरट गुंडाळलं.

"साळवे, माझ्या बापानं खानावळ काढली तवापून हितं एकच तरट हाय. आलेला माणूस कोण, कुठला, मी इचारत न्हाई. इचारायला लागलो की दुसरं तरट आणावंच लागतं."

दोन पंगतींचा अर्थ आमच्याकडं काय होतो हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. खरं सांगायचं तर उपाय फसला याचा मला मनापासून आनंद झाला. रिपोर्टमध्ये मात्र असं लिहिता येत नाही. तिथं मी "ग्राहकांचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे मिळाला नाही" असं लिहिलं.

निम्मा महिना गेला होता. मामींनी माझ्याकडं बघून उसासे टाकायला सुरुवात केली होती. मी घड्याळ खिशात ठेवलं आणि माणसांना विचारत सुटलो. जेवून बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न. "तुमचं झालं ना? मग का थांबलात?"

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, "बरं दिसतं का?" एक म्हणाला, "त्ये काय, जेवून राह्यलेत ना अजून." एका कॉलेजकुमारानं विचार करून सांगितलं, "माहीत न्हाई बुवा. उठावं वाटलं न्हाई." मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करणारा एक जण मात्र माझ्यावरच तडकला. "एकल्याला जेवत सोडून उठायचं? त्यो काय म्हणंल? घास उतरंल का त्याच्या गळ्याखाली?"

मी इतके दिवस समजत होतो की लोक म्हाताऱ्याच्या मानासाठी थांबतात. तसं असतं तर सावकाश जेवणाऱ्या पोरासाठी कुणी थांबलं नसतं. पण थांबत होते. बाईसाठी, पोरासाठी, आजाऱ्यासाठी, कुणासाठीही. वयाचा संबंध नव्हता. पंगतीत कुणी एकटा राहता कामा नये, एवढीच गोष्ट होती. ना ओळख ना पाळख, गाड्या वेगळ्या, गावं वेगळी. पण एका तरटावर बसल्याबरोबर ती माणसं एकमेकांना बांधली जात होती. मला याचं फार नवल वाटलं. लहानपणापासून त्याच मुलखात वाढलो, पण आतून ही गोष्ट कधी दिसलीच नव्हती. दिसणार कुठून? पंगतीत बसलो होतो कधी?

त्यानंतर एक दिवस मामांचा मेव्हणा अचानक आला. भुकेजलेला होता. पंगत उठायची वाट न बघता शेवटच्या जेवणाऱ्याशेजारी ताट घेऊन बसला आणि त्यानं पहिला घास घेतला. घेतला मात्र, अख्खी पंगत एकदम उठली. चुळा भरल्या, गाडीत बसली. गफूरभाईंचा चहा अर्धा होता. ते कप हातात धरून बघतच राहिले.

"क्या हुआ आज?" त्यांनी मला विचारलं.

मी धावत चुलीकडं गेलो.

"मामा, सापडलं! शेवटच्या माणसाशेजारी कुणीतरी जेवायला बसायचं. त्याला सोबत झाली की बाकीचे मोकळे होतात. तुम्ही बसा."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगतोय. "पाव्हण्यायचं व्हायच्या आधी मालक जेवंल? आजवर घरात बी असं जेवलो न्हाई मी."

"मग मामी?"

"म्या बसले तर गडी माणसं ताटं टाकून पळतील," मामी म्हणाल्या. "तुमीच बसा की, साळवे. न्हाई तर रोज उभ्या उभ्याच खाता. कधी बसून जेवलेलं बघितलं न्हाई तुमाला."

मामींच्या नजरेतून काही सुटत नसे. मी खरंच रोज चुलीशेजारी उभ्यानं जेवायचो. "कामात आहे, नंतर बघू" म्हणायचो. काम हे निमित्त होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्याआधी गावातल्या लग्नात माझ्या आज्याला मांडवाबाहेर, सगळे उठल्यावर वाढलं जायचं. गुरुजींनी ते पाहिलं होतं. छप्पननंतर गावात कुणाकडंही बोलावणं आलं तर गुरुजी आवर्जून जायचे, अहेर करायचे, पण घरी जेवून जायचे. कुणी आग्रह केलाच तर हात जोडून म्हणायचे, "घरी जेवून आलोय." हे शब्द ऐकतच मी मोठा झालो. चारचौघांच्या पंगतीत मांडी घालून बसायची वेळ आली की माझं पोट आपोआप भरायचं.

पण थांबा टिकवायचा होता. मामांचं पोट आणि माझी पदवी, दोन्ही एकाच तरटावर होती. मी बसलो.

पहिल्या दिवशी एका शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याशेजारी बसलो. त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पंगत उठली, गाडी वेळेत गेली. दुसऱ्या दिवशी एक बाळंतीण लेक आणि तिची आई. तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. कुणी फारसं विचारत नव्हतं. प्रवासातली पंगत गाव विचारते, पुढचं विचारत नाही. हेही मला नवीनच होतं. माझा त्रास वेगळाच होता. दिवसाला तीन गाड्या, म्हणजे तीन जेवणं, आणि तीही सावकाश करायची. मी भराभर जेवणारा माणूस. घास बत्तीस वेळा चावायचा असतो हे शाळेत शिकलो होतो, ते तिथं कामाला आलं. मामी प्रत्येक वेळी ताजी भाकरी वाढायच्या. नको म्हणायची सोय नव्हती. पॅन्टचं बटण लागेना तेव्हा मी मामांचं धोतर मागायच्या बेतात होतो.

महिना संपत आला. ठरल्याप्रमाणे निकम साहेब आले. खाकी कपडे, इस्त्री कडक. ते पंगतीसमोरच, पण रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. चहाला हात लावला नाही. मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. गफूरभाईंची गाडी आली. माणसं उतरली. आणि परतूरच्या गाडीसाठी उतरलेल्यांमध्ये तोच फेटेवाला म्हातारा होता.

मामांच्या कपाळावरचा घाम वाढला. "दगडूआबा हायेत," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "जमीनदार माणूस. डोळ्याच्या दवाखान्यात जातेत जालन्याला. यायच्या जेवणापुढं रेल्वे बी थांबंल."

आबा नेहमीच्या जागी, टोकाला बसले. मामींनी वाढलं. पंगत जेवली. एकेक ताट रिकामं होत गेलं. निकम साहेबांनी घड्याळात बघितलं. मी ताट घेऊन आबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि घास घेतला. पंगतीतल्या पुढच्या दोघांनी उठायला गुडघ्यावर हात ठेवले.

आबांनी मान वळवली.

"कुठलं गाव?"

"केदारखेडा."

"भोकरदनजवळचं? आमची थोरली बहीण दिलेली हाय तिथं. कोणाचा तू?"

पंगत यापुढं विचारत नाही, असं मी मघाशी म्हणालो. आबांना पंगतीचा नियम सांगणार कोण? खोटं सांगता आलं असतं. मामांच्या मेव्हण्याचं नाव घेता आलं असतं. पण खोटं बोलून पंगतीत बसायचं असतं तर गुरुजी केव्हाच बसले असते.

"साळवे गुरुजींचा," मी म्हणालो.

आबांचा हात थांबला. गुडघ्यावर हात ठेवलेले दोघं तसेच परत बसले. मामा भाताचं पातेलं घेऊन मध्येच उभे. मामींचं भाकरी थापणं थांबलं, तो आवाज थांबलेला मला स्पष्ट ऐकू आला. निकम साहेबांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांचं लक्ष घड्याळावर. आबा ताटावरून उठले तर सगळं संपलं होतं. माझा घास हातातच राहिला. मनात आलं, गुरुजींचं बरोबर आहे. घरून जेवून यावं.

आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या होता. आबांनी तो उचलला आणि आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवला. ते मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मग ते म्हणाले, "गुरुजी शिकवतेत का अजून?"

"हो."

"भाच्याला माझ्या शिकवलंय त्यायनी. लई मारलं बी होतं."

"मलाही मारतात," मी म्हणालो.

आबांच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं. त्यांनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला, तो मऊ व्हायची वाट बघितली.

"मला दात न्हाईत. येळ लागंल," ते म्हणाले. "बसतो का तवर?"

"बसतो."

"मंग जेव. हात काहून थांबवला? आन् ह्यायला सांग उठायला. उगं टकामका बघून राह्यलेत."

सांगावं लागलं नाही. पंगत उठली. चुळा, पाणी, पळापळ, गाडीचं दार धाडकन लागल्याचा आवाज. गफूरभाईंनी या वेळी हॉर्न वाजवला तो निव्वळ हौसेचा. निकम साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, पुन्हा बघितलं, कानाला लावून ते चालू आहे याची खात्री केली आणि चहा मागितला.

आबा आणि मी जेवत राहिलो. ते फार बोलले नाहीत. बाजरीपेक्षा ज्वारीची भाकर लवकर भिजते एवढं सांगितलं. परतूरची गाडी आली तेव्हा त्यांचा शेवटचा भात चालला होता. ती गाडी मात्र त्यांच्यासाठी थांबली. तिचा टाइम बघायला कुणी बसलेलं नव्हतं.

थांबा वाटूरलाच राहिला. मी पुण्याला परतलो. नंतर मामांकडून कळलं, पुढच्या खेपेला आबा आले, बसले आणि त्यांनी विचारलं, "ते केदारखेड्याचं पोरगं कुठंय?" पुण्याला गेलं म्हटल्यावर घास हातात धरून बसून राहिले. शेवटी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या आधी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसले. पुढं तीच पद्धत पडली. तांब्या कुठं ठेवला होता, ते मामांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बघायला मात्र आवडलं असतं.

रिपोर्टच्या तोंडी परीक्षेत सरांनी कागद उलटसुलट केले. "खर्च शून्य. गाडी वेळेवर. उत्तम. पण हा शेवटच्या माणसासोबत जेवणारा इसम, याचं पद काय? नोकर आहे, की मॅनेजर?"

"पाहुणा, सर."

"पाहुण्याला पगार कोण देणार?"

"जेवण मिळतं, सर."

त्यांनी प्रवेश पक्का केला, पण गुण बेताचेच दिले. हा उपाय दुसरीकडं चालणार नाही, असा शेरा मारला. पुढं मी मोठ्या हॉटेलांत नोकरी केली, काही उभीही केली. बंद व्हायच्या वेळी एखादं गिऱ्हाईक एकटंच जेवत असलं की माझे वेटर खुर्च्या उलट्या टाकायला लागत. मी ते बंद केलं. आता हाच विषय शिकवतो, तेव्हा मुलांना एवढंच सांगतो, घाईतल्या माणसाला लवकर मोकळं करायचं असेल तर ज्याला घाई नाही त्याच्याकडं बघा.

पण हे नंतरचं. परीक्षेनंतर मी सुट्टीत केदारखेड्याला गेलो आणि गुरुजींना सगळं सांगितलं. ताटाचं, आबांचं, तांब्याचंही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे एवढे पैसे घालून तू पुण्यात जेवायला शिकलास."

"सावकाश जेवायला," मी म्हणालो.

त्याच उन्हाळ्यात गावात लग्न निघालं. बोलावणं आलं. निघायच्या आधी आई नेहमीप्रमाणं गुरुजींचं ताट वाढायला लागली. गुरुजी टोपी घालून दारात उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "बघू तर खरं."

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. मी चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत निघालो. मांडवात गुरुजी पंगतीच्या टोकाला बसले, मी त्यांच्याशेजारी. ते घास फार हळूहळू घेत होते. मला अडचण नव्हती. तेवढं मी शिकून आलो होतो.